मामाचं कोरलड्रॉ आणि माझं ओपन सोर्स

गेले दोन वीकेंड इथे काही लिहिलं नाही. एक-दोघांनी विचारलंही, की लग्न वगैरे ठरलं की काय. नाही, तसं काही नाही (आई हे वाचत असेल तर: खरंच नाही). मी खामगावला मामाच्या दुकानात बसून एका गुरुजींचं पुस्तक सोडवत होतो. सोडवत म्हणजे गहाण टाकलेलं सोनं सोडवतात ना, तसं. पण ते सांगायचं तर आधी माझ्या एका जुन्या मताची उलटतपासणी करावी लागेल.

ते मत असं: ग्राफिक डिझायनर मंडळींनी अ‍ॅडोबी-कोरलचा नाद सोडावा आणि ओपन सोर्स वापरावं. फोटोशॉपऐवजी गिम्प, कोरलड्रॉ-इलस्ट्रेटरऐवजी इंकस्केप, इनडिझाइनऐवजी स्क्रायबस. संपला विषय. शेगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजात असल्यापासून हे मी ऐकवत आलोय. तेव्हा लिनक्सचं वेड होतं, होस्टेलवर रात्री-अपरात्री लोकांचे लॅपटॉप फॉरमॅट करून द्यायचो. पुढे हिंजवडीत कँटीनमध्ये हाच विषय निघाला की पुन्हा तेच. गंमत अशी की आम्ही जे कोणी हे बोलायचो, त्यातल्या एकानंही आयुष्यात कधी कागदावर काही छापून घेतलेलं नव्हतं. टेबलावरचा एकुलता एक खरा डिझायनर फिग्मा उघडून बसलेला असायचा आणि आमच्याकडे बघून नुसता हसायचा.

आता मामा. मामानं १९९९ मध्ये खामगावात डीटीपीचं दुकान टाकलं. त्याआधी तो एका छापखान्यात खिळे जुळवायचा. शिशाचा एकेक खिळा उचलून, उलटा वाचून ओळ बसवायची, हे काम त्यानं आठ-नऊ वर्षं केलं. त्यामुळे दोन अक्षरांमधली जागा किती हवी हे त्याला बोटांनी कळतं, कुठल्या पुस्तकातून नाही. मग कॉम्प्युटर आला. पेजमेकर, कोरलड्रॉ, आणि मराठीसाठी विकत घेतलेलं एक फॉन्टचं पॅकेज. त्या काळात श्रीलिपी, आकृती, सीडॅकचं आयएसएम अशी बरीच पॅकेजं होती आणि महाराष्ट्रातला बहुतेक छापील मजकूर त्यांच्यातूनच निघायचा. लग्नपत्रिका, स्मरणिका, भजनी मंडळाच्या पावत्या, दवाखान्यांच्या फायली, आणि नंतर फ्लेक्स. घाटाखालच्या तीन तालुक्यांतली किती लग्नं मामाच्या कोरलमधून गेली असतील याचा हिशोब नाही.

फॉन्टचं पॅकेज विकत घेतलेलं, असं मुद्दाम लिहिलं. कारण बाकी काहीच विकत घेतलेलं नव्हतं. हे सगळ्यांना माहीत असतं पण लिहीत कोणी नाही. तालुक्याच्या गावात सर्व्हिसवाला मशीन बसवून देतो तेव्हा विंडोजबरोबर कोरल आणि फोटोशॉप ‘टाकून’ देतो. क्रॅकसकट. जसा पंखा बसवताना वायर देतात. कायद्याचं म्हणाल तर कॉपीराइट अ‍ॅक्टच्या कलम ६३ब प्रमाणे चोरीचं सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरलं तर कमीत कमी सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड होऊ शकतो. धंद्यासाठी वापरलं नसेल तर कोर्टाला कैदेची शिक्षा सोडून देता येते. मामा धंदाच करतो, म्हणजे ती पळवाटही नाही.

२०१३ मध्ये अ‍ॅडोबीनं पुढचा क्रिएटिव्ह सूट काढायचा नाही, यापुढे वर्गणीच, असं जाहीर केलं तेव्हा जगभरच्या डिझायनरांनी केवढा आरडाओरडा केला. सीएस६ (२०१२) ही एकदाच पैसे भरून कायमची मिळणारी शेवटची आवृत्ती. त्या भांडणाची मामाला खबरही नव्हती. भाडं वाढलं म्हणून तो कशाला ओरडेल, तो भाडं भरतच नव्हता.

त्यामुळे २०२२ च्या दिवाळीत मी घरी गेलो आणि ‘मामा, हे बघा, फुकट आहे’ असं मोठ्या तोऱ्यात म्हटलं, तेव्हा मामा जे बोलला त्यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

‘अबे, मंग माह्यापाशी जे कोरल हाय ते काय मी इकत घेतलं काय? तेबी फुकटचंच हाय.’

सगळ्या वादाची मेख इथे आहे असं मला वाटतं. आपण ओपन सोर्सची तुलना विकतच्या सॉफ्टवेअरशी करत बसतो. जिल्ह्याच्या बाजारात विकतचं सॉफ्टवेअर खेळायलाच उतरलेलं नसतं. तिथे सामना असतो तो चोरीच्या कोरलशी, आणि ते फुकट असतं, ओळखीचं असतं, शेजारच्या दुकानातही तेच असतं. किमतीचा मुद्दा गेला की आपल्या हातात उरतं काय? स्वातंत्र्य. बरं, ते कसलं, हे मला तेव्हा धड सांगता आलं नाही. मी काहीतरी ‘सोर्स कोड वाचता येतो’ असं बोललो. मामानं चहा मागवला.

तरी माझ्या हट्टापायी मामानं दुसऱ्या मशीनवर उबुंटू टाकू दिलं. भाचा आहे ना. आमच्याकडे भाच्याच्या पाया पडतात, त्याला नाही म्हणणं जड जातं. त्या मशीनवर बसणारा पोरगा हुशार होता, पंधरा दिवसांत इंकस्केप शिकला. आणि काही गोष्टी खरंच छान झाल्या, हेही सांगायला हवं. युनिकोड मराठी तिथे पहिल्या दिवसापासून बिनतक्रार चालली. फ्लेक्ससाठी मुंबईच्या एक टाइपचा ‘बलू’ टाकला. काय जाडजूड, गुबगुबीत आणि आनंदी अक्षर आहे! वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठीच जन्माला आल्यासारखं. त्यांचाच ‘मुक्ता’, अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचे ‘तेको’ आणि ‘खंड’, हे सगळे मुक्त परवान्याचे टंक आहेत. छापा, वाटा, विका, कोणी विचारत नाही. मामा खिळ्यांचा माणूस, त्याला हे टंक मनापासून आवडले. ‘हा लिहिणाऱ्याचा हात चांगला हाय’ म्हणाला. फ्लेक्सवाल्याला नाहीतरी टिफ किंवा जेपीजी द्यायची असते, तुम्ही ती कशात केली याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. सहा महिने बरे गेले.

मग एप्रिल आला. २०२३ ची लग्नसराई.

एक मल्टिकलर पत्रिका त्या पोरानं इंकस्केपमध्ये केली. सातशे प्रती. आमच्याकडच्या पत्रिका तुम्ही पाहिल्या नसतील तर कल्पना येणार नाही. वर श्री गजानन प्रसन्न, मध्ये वधू-वर, आणि खाली चार रकाने भरून नावं. विनीत, स्नेहांकित, निमंत्रक, व्यवस्थापक, चिमुकल्यांची किलबिल. नाव राहिलं तर माणूस लग्नाला येत नाही, आणि नाव आहे म्हणूनच बरेच जण येतात. ही नावं सात पॉइंटात, काळ्या अक्षरात. पीडीएफ अकोल्याला प्लेटला गेली, छापून आली आणि नावं वाचता येईनात. प्रत्येक काळ्या अक्षराला गुलाबी-निळी सावली. वेलांट्या बुजलेल्या. ‘शि’ आणि ‘शी’ मध्ये फरक उरला नव्हता.

झालं होतं असं. स्क्रीनवरचा रंग लाल-हिरवा-निळा या तीन प्रकाशांचा असतो, छपाईचा चार शायांचा: निळसर, गुलाबी, पिवळी, काळी. म्हणजे सीएमवायके. इंकस्केपमधून निघणारी पीडीएफ प्रकाशाच्या रंगांत होती. प्लेट काढताना तिचं चार शायांत रूपांतर झालं, आणि या रूपांतरात ‘काळा’ म्हणजे नुसती काळी शाई राहत नाही, चारही शायांचं मिश्रण होतं. मोठ्या अक्षराला चालतं. सात पॉइंटाच्या देवनागरीला चार प्लेटांमधून जावं लागलं, आणि मशीनवर रजिस्टर केसभर जरी हललं तरी काळ्याच्या कडेनं बाकीचे तीन रंग डोकावतात. छापखान्यातल्या कोणत्याही माणसाला हे माहीत असतं: बारीक मजकूर नेहमी नुसत्या काळ्यात. कोरलमध्ये मामाची बोटं ते आपोआप करत होती. मला माहीत नव्हतं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, मला फक्त सॉफ्टवेअर माहीत होतं.

पत्रिका पुन्हा छापल्या, रात्रीतून, कोरलमधून. साडेआठ हजारांचा फटका. मी पैसे पाठवले तर मामानं परत केले. भाच्याकडून घ्यायचे नसतात म्हणे. फक्त एवढंच बोलला, ‘पत्रिका मी दोनदा छापीन, पण त्यायले लोकायले दोनदा वाटता येत नाई ना बे.’ पंचवीसेक पत्रिका तोवर वाटून झाल्या होत्या.

दोष माझा होता, यात शंका नाही. हेच काम स्क्रायबसमध्ये करायचं होतं. स्क्रायबसला सीएमवायके येतं, खास शाया येतात, छापखान्याला लागणारी पीडीएफ-एक्स काढता येते. पण स्क्रायबसची गोष्टही ऐका. जुन्या १.४ मालिकेत देवनागरी नीट जुळतच नव्हती, जोडाक्षरं फुटायची. ओमानमधल्या एका गटानं अरबीसाठी म्हणून त्यात गुंतागुंतीच्या लिप्यांची सोय घातली, ती २०१७ च्या प्रायोगिक आवृत्तीत आली, आणि आपल्यालाही लाभली. पण बिनधास्त वापरावी अशी स्थिर आवृत्ती, १.६, यायला २०२४ चा जानेवारी उजाडला. म्हणजे माझं लेक्चर चालू होतं त्या सगळ्या वर्षांत मराठी पुस्तक लावायला स्थिर स्क्रायबस उपयोगाचंच नव्हतं. गिम्पची मार्च २०२५ मध्ये आलेली ३.० आवृत्ती खूप सुधारलीय, पण चार शायांत थेट काम तिथे अजून होत नाही. इंकस्केपमध्ये ऑक्टोबर २०२४ च्या १.४ पर्यंत तरी नव्हतं. क्रिटात होतं, पण क्रिटा चित्रकारांचं.

ओपन सोर्सवाल्यांना (म्हणजे मलाच) हे सगळं ‘फीचर’ वाटतं. अमुक नाही, पुढच्या आवृत्तीत येईल. मामाला ते लग्न वाटतं.

आणि याहून मोठी गोष्ट मला फार उशिरा कळली. कोरल नुसतं सॉफ्टवेअर नाही, ती इथली बोली आहे. गिऱ्हाईक पेनड्राइव्हमध्ये सीडीआर फाइल घेऊन येतं. प्लेटवाला सीडीआर मागतो. देवी-देवतांच्या चित्रांचे, पत्रिकांच्या बॉर्डरींचे संग्रह सीडीआरमध्ये मिळतात. अडलं तर समोरच्या दुकानातला पोरगा येऊन दोन मिनिटांत सांगतो. इंकस्केपमध्ये अडलं तर? ‘पुण्यावून भाचा येईस्तोवर थांब म्हनू काय?’ इति मामा. इंकस्केप सीडीआर उघडतं, नाही असं नाही. लिब्रेऑफिसच्या मंडळींनी त्या बंद फाइलींचा मांडणीनकाशा उलगडून वाचक लिहिलाय, मोठं काम आहे ते. पण उघडणं वेगळं आणि जसंच्या तसं उघडणं वेगळं.

तर २०२३ च्या मे महिन्यात उबुंटूचं मशीन पुन्हा विंडोजवर गेलं. मी गप्प बसलो. कँटीनमध्येही.

असो. आता गुरुजींचं पुस्तक.

गेल्या वर्षी मामाच्या दुकानात एक बाई आल्या. त्यांचे वडील शिक्षक होते, घाटाखालच्याच एका गावात. निवृत्त झाल्यावर त्यांनी गावाचा इतिहास लिहिला होता. कुठली विहीर कोणी बांधली, कोणत्या दुष्काळात कोण कुठे गेलं, जिनिंगमध्ये कोण कामाला होतं, बायकांची जात्यावरची गाणी. एकशे ऐंशी पानं. मामानं २००४ मध्ये छापलं होतं, तीनशे प्रती. गुरुजी वारले. घरातली शेवटची प्रत पुरात भिजली. बाईंना दुसरी आवृत्ती काढायची होती आणि त्यांच्या हिशेबानं ते अगदी सोपं होतं: फाइल मामाकडे आहेच, पुन्हा छापायची.

फाइल होती. मामा काहीही फेकत नाही. जुन्या हार्डडिस्कवर पेजमेकरची फाइल सापडली. पेजमेकरची शेवटची ७.० आवृत्ती २००१ ची, त्यानंतर अ‍ॅडोबीनं ते वाढवलंच नाही, पण तो प्रश्न सुटण्यासारखा होता. लिब्रेऑफिस २०१५ पासून पेजमेकरच्या फाइली उघडतं. उघडली. आणि आत काय? डॉलर, कंस, आकडे, रोमन अक्षरं, मध्येच जर्मनसारखी टिंबवाली अक्षरं. एकशे ऐंशी पानं नुसता कचरा.

हे का होतं ते थोडक्यात सांगतो, कारण तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी अशी एखादी फाइल असेल. युनिकोडमध्ये ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे. १९९१ पासून आहे. पण डीटीपीचे जुने मराठी फॉन्ट त्या वाटेनं गेले नाहीत, जाऊ शकतही नव्हते, कारण तेव्हाच्या पेजमेकर-कोरलला जोडाक्षरं जुळवता येत नव्हती. मग त्यांनी एक जुगाड केला. कॉम्प्युटरला वाटतं की आपण इंग्रजी ‘डी’ लिहितोय, फॉन्टमध्ये मात्र ‘डी’च्या जागी ‘क’चं चित्र बसवलेलं. म्हणजे मजकूर मराठी नाहीच, फक्त मराठीचा मुखवटा घातलेला. मुखवटा काढला की खाली कचरा. आणि प्रत्येक कंपनीचा मुखवटा वेगळा, एका कंपनीचा कचरा दुसऱ्या कंपनीच्या फॉन्टला कळत नाही. मामाचं जे पॅकेज होतं, त्याला एक डोंगल लागायचा, कॉम्प्युटरच्या मागे प्रिंटरच्या जाड पोर्टात खुपसायचा. ते पोर्ट असलेलं मशीन आता भंगारात. डोंगल ड्रॉवरमध्ये, रबरबँड लावलेला.

लक्षात घ्या, दुकानातली ही एकच गोष्ट मामानं पूर्ण पैसे देऊन, पावती घेऊन विकत घेतली होती. तिनंच त्याला कोंडलं. चोरीच्या कोरलनं नाही कोंडलं. यात कंपनीचा दुष्टपणा होता असं मी म्हणणार नाही. या सगळ्या कंपन्यांनी त्या काळात मराठी छपाई चालू ठेवली, त्यांच्याशिवाय ते पुस्तक २००४ मध्ये निघालंच नसतं. पण हिशेब काय झाला बघा: अवजार भाड्याचं असतं तर ठीक, इथे अक्षरंच भाड्यानं घेतलेली निघाली.

मग मी दोन वीकेंड काय केलं, तर पायथॉनमध्ये एक कन्व्हर्टर लिहिला. इंटरनेटवर अशी बरीच रूपांतरकं आहेत, पण या फॉन्टच्या या आवृत्तीचं नेमकं सापडलं नाही. शुक्रवारी रात्री महाराष्ट्र एक्स्प्रेसनं निघायचं, शनिवारी शेगावला उतरायचं, तिथून खामगाव. कोणत्या खुणेच्या जागी कोणतं चित्र, याचा तक्ता हवा होता. तो कागदावर कुठेच नव्हता. तो मामाच्या डोक्यात होता. पंचवीस वर्षं ऑल्ट दाबून आकडे मारलेत त्यानं.

‘मामा, ऑल्ट शून्य एक सहा तीन?’

‘अर्धा श.’

‘शून्य दोन एक चार?’

‘रफार. अनुस्वारवाला. साधा रफार येगळा हाय, लिहून घे.’

अडीच तासांत दोनशेच्या वर खुणा. डोळे मिटून सांगत होता, बोटं मांडीवर हलत होती. अशी स्पेसिफिकेशनची मीटिंग मी हिंजवडीत कधी पाहिली नाही.

तक्ता झाला की संपलं असं वाटलं होतं, पण खरी मजा पुढे. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी दिसते तशी, अक्षराच्या आधी टाईप करतात. युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर येते. ‘किती’ला सोपं आहे. ‘स्थिती’मध्ये तिनं ‘स्’ आणि ‘थ’ दोघांवरून उडी मारायला हवी. रफार याच्या उलट. ‘धर्म’ लिहिताना जुन्यात ‘ध’, ‘म’ आणि मग वर रफार. युनिकोडमध्ये ‘र्’ आधी, ‘म’ नंतर. ‘कीर्तिवंत’ला वेलांटी पुढे उडते आणि रफार मागे. शिवाय आपला अर्धचंद्री र: ‘दुसऱ्या’, ‘वऱ्हाड’. जो कन्व्हर्टर ‘वऱ्हाड’ बरोबर लिहू शकत नाही तो खामगावात घेऊन जायची सोय नाही.

हे करताना एक गोष्ट नव्यानं समजली. युनिकोडच्या या क्रमांकांवरून पडद्यावर ‘स्थि’ जुळवून दाखवणारा जो तुकडा असतो, त्यातला सगळ्यात चालणारा हार्फबझ नावाचा, पूर्ण ओपन सोर्स. तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये आहे, क्रोम-फायरफॉक्समध्ये आहे, इंकस्केप-स्क्रायबसमध्ये आहे. आणि आता फोटोशॉप, इलस्ट्रेटर, इनडिझाइनमध्येही तोच आहे. म्हणजे अ‍ॅडोबीला वर्गणी भरून तुम्ही जे मराठी अक्षर लावता त्याची जुळणी मुक्त सॉफ्टवेअरच करतं. आम्ही कँटीनमध्ये दोन पक्ष करून भांडायचो त्यांच्यात भिंत अशी कुठे नाहीच.

केरळचं उदाहरण मला फार उशिरा सापडलं. ‘जनयुगम’ नावाचं मल्याळम दैनिक, कम्युनिस्ट पक्षाचं. २०१९ मध्ये त्यांनी सगळा छापील अंक स्क्रायबस, गिम्प, इंकस्केप आणि क्रिटावर नेला. रोजचा पेपर, हौशी स्मरणिका नाही. पण त्यांनी ते कसं केलं? एकट्या भाच्यानं दिवाळीच्या सुट्टीत नाही. मल्याळम अक्षरांवर आयुष्य घालवलेली माणसं सोबत होती, फॉन्ट होते, माणसांना रीतसर शिकवलं, अडलं तर सोडवणारे लोक जवळ होते. आणि सुरुवातीचं दुखणं तेच होतं, मुखवट्यांचे फॉन्ट. पुण्यात एवढ्या आयटी कंपन्या आहेत, पण मराठी छपाईसाठी असं काही आपण केल्याचं मला तरी दिसत नाही. राज्य मराठी विकास संस्थेनं ‘यशोमुद्रा’ हा मुक्त युनिकोड टंक आणला, चांगलं केलं. पण टंक हे एक अवजार झालं. खामगावात बसून शिकवणारं कोण आहे?

माझं आताचं मत विचाराल तर ते असं आहे. डिझायनरनं कोणतं सॉफ्टवेअर वापरावं हे मी यापुढे सांगणार नाही. ज्याच्या पत्रिका परत येतात त्यानं ठरवावं. कोरल वापरा, पण पैसे भरून. परवडत नसेल तर परवडेल तेवढं घ्या, उरलेलं मुक्त घ्या. मात्र मजकुरावर मी अडून बसणार आहे. मजकूर युनिकोडमध्येच हवा, आणि त्याची साधी प्रत सॉफ्टवेअरच्या बाहेर ठेवलेली हवी, डिझाइनची पीडीएफ वेगळी. यासाठी कोरल सोडावं लागत नाही. २०१२ च्या एक्स६ पासून कोरललाही युनिकोड देवनागरी जुळवता येते. अडचण सवयीची आहे. आणि जुन्या फॉन्टांमध्ये असलेल्या तीन-चारशे नक्षीदार वळणांची, जी नव्यात अजून नाहीत. हे दुसरं कारण मी हसण्यावारी नेत नाही. पत्रिकेवरचं ‘शुभविवाह’ मुक्तामध्ये लावून दाखवा, वरमाय परत पाठवेल.

आणि कृपा करून फुकट आणि मुक्त यांची सरमिसळ करू नका. मी दहा वर्षं तीच केली. २०२४ मध्ये कॅनव्हानं अ‍ॅफिनिटी विकत घेतलं आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये फुकट करून टाकलं, फक्त कॅनव्हाचं खातं हवं. लोक खूश आहेत, असायलाच हवं, चांगलं सॉफ्टवेअर आहे. पण उद्या त्यांनी विचार बदलला तर तुमच्या वीस वर्षांच्या फाइली कोणाच्या ड्रॉवरमध्ये, कोणत्या रबरबँडमध्ये असतील, हे आत्ताच विचारून ठेवा.

मामानं काय केलं? नगरपरिषदेच्या निवडणुकीत फ्लेक्सचा धंदा बरा झाला. त्यातून त्यानं कोरलचं एक रीतसर लायसन्स घेतलं, पावती काचेखाली ठेवलीय. माझ्या सांगण्यावरून नाही, सीएनं जीएसटीचं बोलता बोलता घाबरवलं म्हणून. पुस्तकं आणि स्मरणिका मात्र दुसऱ्या मशीनवर, स्क्रायबसमध्ये, काळा मजकूर नुसत्या काळ्यात. तो पोरगा आता मला न विचारता करतो.

गेल्या रविवारी दुपारी कन्व्हर्टर एकशे ऐंशी पानांवरून नीट फिरला. चुका होत्या, पण हातानं काढता येतील इतक्याच. बाईंना बोलावलं. मी लिब्रेऑफिसमध्ये फाइल उघडून दिली आणि म्हटलं, हे घ्या, यात आता काहीही शोधता येतं. त्यांनी थोडा विचार केला आणि एकेका बोटानं एक नाव टाईप केलं. त्यांच्या आजीचं. तीन ठिकाणी सापडलं. दोन जात्यावरच्या गाण्यांच्या प्रकरणात, सांगणारीचं नाव म्हणून. तिसरं विहिरीच्या. ते त्यांना माहीत नव्हतं. छापील पुस्तक घरात असताना त्यांनी ते प्रकरण कधी वाचलं नव्हतं म्हणे. आता तिथेच उभ्या राहून वाचत होत्या.

मामा मागून म्हणाला, ‘पानं किती झाले ते सांग पयले. कागद मांगवा लागते.’

एकशे शहाऐंशी झाली. युनिकोडच्या फॉन्टमध्ये सहा पानं वाढली.